बेस पेडलचा डेमो करताना कॅमेरा शेवटी येतो

आपल्याकडे बेस गिटारसाठी पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायची आवाज बदलणारी डबी, घेणारा माणूस बहुतेक वेळा ते वाजवून न बघताच पैसे भरतो. माझ्या पाहण्यातल्या दुकानांत ट्रायसाठी गिटारची पेडलं भरपूर, बेसचं एखादं, तेही कपाटात. मग तो रात्री फोनवर डेमो शोधतो. कोणीतरी अप्रतिम स्लॅप (तारांवर अंगठा आपटून) वाजवत असतं, मागे रंगीत दिवे, पेडल चकचकीत. व्हिडिओ संपेपर्यंत वादकाचा हात किती तयार आहे ते कळतं. पेडल काय करतं ते मात्र तसंच राहतं.

मी ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो आणि सीझन नसतो तेव्हा असे डेमो करतो. नव्याने सुरुवात करणारे आधी कॅमेरा कोणता घेऊ असं विचारतात. त्याआधी एक गोष्ट पक्की करा: स्विच दाबल्यावर जे बदललं ते पेडलमुळेच बदललं, बाकी काही हललेलं नाही, असा भरवसा बघणाऱ्याला वाटला पाहिजे.

यात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे लेव्हल. दोन सारख्या आवाजांपैकी किंचित मोठा असलेला कानाला जास्त चांगला वाटतो. एक-दोन डेसिबलही पुरतात, आणि ऐकणाऱ्याला तो मोठेपणा म्हणून कळत नाही. तो म्हणतो, काय पंच आहे! म्हणून बायपास (पेडल बंद) आणि चालू, दोन्ही सारखेच मोठे ऐकू येतील अशी पेडलची लेव्हल लावा. फक्त आवाजाची टोकं मोजणाऱ्या पीक मीटरवर विसंबू नका. फझ (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) आवाजाची टोकं छाटतो, त्यामुळे पीक सारखे दिसले तरी फझ खूपच मोठा वाजतो. एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) दाखवणारा लाउडनेस मीटर वापरा, तो फुकटही मिळतो, आणि शेवटी कानाने ठरवा. लेव्हलचा नॉब कुठे आल्यावर बायपासइतका आवाज होतो, तेही सांगा. घड्याळाच्या काट्याच्या हिशोबाने काही पेडलांत तो दहावरच होतो, काहींत पुढे तीनपर्यंत न्यावा लागतो, आणि स्टेजवर वाजवणाऱ्याला हे आधी कळलेलं बरं. यूट्यूब मोठ्या आवाजाचे व्हिडिओ सुमारे उणे १४ एलयूएफएसपर्यंत खाली आणतं खरं, पण अख्खा व्हिडिओ एकदम. आतला चढउतार जसाच्या तसा राहतो.

दुसरी अडचण खुद्द बेसची. चार तारांच्या बेसची मोकळी ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते, पाच तारांच्या बेसची बी ३१ वर. फोनच्या छोट्या स्पीकरमधून साधारण २०० च्या खाली फारसं काही बाहेर पडत नाही. तरीही फोनवर बेस ऐकू येतो, कारण ४१ च्या पटीतले २०५, २४६, २८७ असे वरचे सूर पोचतात आणि त्यांवरून मेंदू खालचा सूर भरून काढतो. ओव्हरड्राइव्ह (फझचा सौम्य भाऊ, थोडक्यात ड्राइव्ह) आणि फझ नेमके हेच वरचे सूर वाढवतात, म्हणून फोनवर ते हमखास भरदार वाटतात. प्रत्यक्षात त्याच फझने खर्ज खाऊन टाकलेला असू शकतो. ड्रम सुरू झाले की बेस गायब. ज्या दोषाच्या भीतीने माणूस डेमो बघायला येतो, तोच दोष त्याचा फोन लपवतो. हेडफोन लावा असं सुरुवातीला जरूर सांगा, पण बरेच जण लावणार नाहीत हे धरून चाला. मी पडद्याच्या कोपऱ्यात स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर, म्हणजे किती हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा हलता आलेख, ठेवतो. ४० ते १०० मधला भाग कधी खचला, ते फोनवरही डोळ्यांना दिसतं.

आवाज फोनच्या माइकने घेऊ नका. बहुतेक फोन हळू आवाज आपोआप वर घेतात आणि मोठा खाली दाबतात, आणि कॉम्प्रेसर पेडलचं कामही तेच, मग कॉम्प्रेसरच्या डेमोत कॉम्प्रेसर कोणता आणि फोन कोणता हे कळायला मार्ग नाही. बेसमधून पेडल, पेडलमधून ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट: एवढं पुरतं. एक पथ्य आहे. ओव्हरड्राइव्ह थेट इंटरफेसमध्ये घेतला तर कर्कश, किरकिरा लागतो, कारण मध्ये स्पीकर नाही. बेसच्या ट्वीटर नसलेल्या कॅबिनेटमधून ४-५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं येत नाही. म्हणून पुढे कॅब सिम्युलेशन (स्पीकर कॅबिनेटची नक्कल) लावा, बायपासलाही तेच ठेवा आणि लावलंय हे सांगा. नंतर ईक्यूने (खर्ज, वरची चमक कमीजास्त करून) आवाज गोड करायचा मोह सोडा. तो ईक्यू पेडलबरोबर डब्यातून येत नाही.

नॉब फिरवून दाखवताना मी रीअँप बॉक्स वापरतो. कोरडा, म्हणजे पेडलशिवायचा, टेक एकदाच रेकॉर्ड करायचा आणि तोच पेडलमधून पुन्हा पुन्हा सोडायचा. मग हात कमीजास्त पडल्याचा प्रश्नच उरत नाही. पण जुन्या धाटणीचे काही फझ थेट पिकअपला (तारांचं कंपन पकडणाऱ्या बेसवरच्या चुंबकाला) जोडले की वेगळे वागतात. बेसवरचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की आवाज साफ होतो, आणि ती गंमत रीअँपमध्ये येत नाही. म्हणून एक भाग प्रत्यक्ष वाजवून असतोच.

वाजवायचं काय? शक्य तितकं साधं. माझी एक चार बारची ओळ ठरलेली आहे: खालच्या ई-एफवर दोन लांब सूर, मग मधल्या तारांवर आठव्या मात्रांची चाल, शेवटी वरचा एक सूर सोडून तो विझेपर्यंत थांबायचं. प्रत्येक पेडलला तीच ओळ. नियमित बघणाऱ्याला ती पाठ होते आणि त्याचे कान आपोआप फरकाकडे जातात. बोटांनी, पिकने आणि गरज असेल तर स्लॅप. बेस कोणता, पिकअप अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवरचे) की पॅसिव्ह, तारा राउंडवूंड (गोल तार गुंडाळलेल्या) की फ्लॅटवूंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या), हे पडद्यावर लिहा. फ्लॅटवूंड तारांवर वरची चमक मुळातच कमी असते, त्यामुळे ड्राइव्ह वेगळाच लागतो.

त्यापुढे मात्र प्रत्येक जातीच्या पेडलला वेगळा प्रश्न विचारावा लागतो. ऑक्टेव्हला (मूळ सुराला एक सप्तक खालचा सूर जोडणाऱ्या पेडलला) विचारायचं, तू किती खाली टिकतोस? बॉस कंपनीचा ओसी-२ १९८२ चा, आजही लोक जुना शोधून घेतात. तो एका वेळी एकच सूर ओळखतो. अशा पेडलवर वरून एकेक फ्रेट खाली येत जा आणि सूर कुठे अडखळतो ते न कापता ऐकू द्या. मोकळ्या ईचा खालचा ऑक्टेव्ह २० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐकण्याच्या सीमेवर जातो. तिथे पेडल चाचरलं तर त्यात नवल नाही, पण चाचरायला सुरुवात ए तारेवर होते की ईवर, त्यावर घेणाऱ्याचा निर्णय ठरतो.

कॉम्प्रेसरसाठी तीच ओळ आधी अगदी हळू, मग जोर लावून वाजवा. एमएक्सआरच्या एम८७ सारख्या पेडलवर गेन किती दाबला जातोय ते दाखवणाऱ्या एलईडींची रांग आहे, कॅमेरा तिच्यावर ठेवा. एन्व्हलप फिल्टर (सुराची चमक उघडमीट करणारं पेडल) तर वाजवणाऱ्याच्या जोरावरच उघडतो आणि मिटतो. १९७२ च्या म्यू-ट्रॉन ३ पासून या जातीचा स्वभाव हाच. सेन्सिटिव्हिटी एका बेसवर जुळवली की दुसऱ्या, जास्त आउटपुट असलेल्या बेसवर तो सतत उघडाच राहतो, म्हणून शक्य असेल तर दोन बेस वापरा. ड्राइव्हमध्ये ब्लेंडचा, म्हणजे कोरडा आणि ड्राइव्हचा आवाज मिसळणारा, नॉब सगळ्यात महत्त्वाचा. डार्कग्लासच्या बी३के मध्ये ब्लेंड कोरडा खर्ज खाली शाबूत ठेवतो आणि ड्राइव्ह त्यावर बसतो. हा नॉब सावकाश, शून्यापासून पूर्ण फिरवा. घाई करायची असेल तर टोनच्या नॉबवर करा.

एकट्या बेसचा आवाज ऐकून झाला की त्याच सेटिंगवर बाकीच्या वाद्यांत ऐकवा, मध्ये काहीही न बदलता. मी दोन ट्रॅक तयार ठेवलेत: एक ड्रम आणि डिस्टॉर्शन गिटारचा, दुसरा ढोलकी आणि ऑक्टोपॅडचा, कारण माझे बरेच प्रेक्षक ऑर्केस्ट्रातले आहेत आणि त्यांना पेडल लावणीच्या ठेक्यात चालेल का हे हवं असतं. एकटं असताना राक्षसी वाटणारे बरेच फझ इथे बारीक होतात, आणि एकटं असताना किरकोळ वाटलेला थोडासा ड्राइव्ह मजबूत बसतो.

गुणगुण लपवू नका. पेडल चालू, बेसचा व्हॉल्यूम पूर्ण, हात तारांवर, आणि दोन-तीन सेकंद शांतता; शांततेत आवाज बंद करणारं नॉइज गेट नको. आपल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ चा, म्हणजे फिल्टर लावून गुणगुण काढायला जावं तर तो सूरही जातो. त्यापेक्षा आयसोलेटेड (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) पॉवर सप्लाय वापरा, आणि पेडलला किती मिलीअँपिअर लागतात ते सांगा.

आता कॅमेरा. फोन चालेल. वरून पेडलवर एक, हातांवर एक, आणि नॉबवर उजेडाची चमक पडणार नाही असा दिवा. नॉब घड्याळाच्या काट्याप्रमाणे बोला: गेन दोनवर, टोन बारावर. सुरुवातीला एक टाळी वाजवली की आवाज आणि चित्र जुळवता येतं. लांब टेकमध्ये फोनचा व्हिडिओ आवाजापासून हळूहळू सरकतो, म्हणून छोटे टेक घ्या. यूट्यूबवर चॅप्टर द्या; पहिला ०:०० ला हवा, किमान तीन हवेत आणि प्रत्येक किमान १० सेकंदांचा. लोक सरळ ‘मिक्समध्ये’ या चॅप्टरवर उडी मारतात, मारू द्या.

गाजलेल्या गाण्यांच्या ओळी वाजवू नका. कॉपीराइटचा दावा आला की त्या व्हिडिओची कमाई दुसऱ्याकडे जाऊ शकते.

पेडल कंपनीने पाठवलं असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या २०२१ च्या नियमांनुसार फुकट मिळालेली वस्तूही उघड करावी लागते, फक्त पैसे नव्हे. मी पाठवणाऱ्याला आधीच लिहून कळवतो की व्हिडिओ अपलोड होण्याआधी बघायला मिळणार नाही. काही जण त्यावर उत्तरच देत नाहीत. तसं पेडल मग कुणा ओळखीच्या बेसवाल्याकडून आठवडाभर मागून आणतो.