सोलापुरात जुने घर घेऊन, दुरुस्त करून विकताना

पेठेतले जुने घर स्वस्तात मिळते आहे म्हणून इसार देण्याची घाई करू नये. आधी नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक काढून त्यावरील प्रत्येक नाव वाचावे आणि वकिलाकडून मालकीच्या व्यवहारांचा 30 वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, कारण वडिलोपार्जित घरात एखाद्या बहिणीची सही राहून गेली, तर पुढचा गिऱ्हाईक तिथेच अडतो. महापालिकेच्या घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकीही तपासावी.

माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले घर असेल तर तुळयांची टोके जिथे भिंतीत शिरतात तिथे पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत गेला, भुसा पडला, तर वाळवी किंवा कूज आहे असे समजावे. पाऊस गळतो म्हणून वर्षानुवर्षे मातीचे थर चढवलेले असतात आणि त्या वजनाने तुळया वाकतात, त्यामुळे छताचा निर्णय अभियंत्याला दाखवूनच घ्यावा. रंगाऱ्याचे मत इथे कामाचे नाही.

खर्चाचा क्रम गळती, वायरिंग, नळजोडणी आणि शेवटी रंग असा ठेवावा. शहरात पाणी काही दिवसांआड येते, म्हणून जमिनीखालची मोठी टाकी दिखाऊ फरशीपेक्षा घर लवकर विकते, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा लेप द्यावा.

खरेदीपासून 24 महिन्यांच्या आत विकल्यास नफा अल्पमुदतीचा ठरून तुमच्या उत्पन्नात धरला जातो. त्यावरचा कर, मुद्रांक शुल्क आणि कर्जाचे व्याज मांडूनच खरेदीची किंमत ठरवावी.