पुण्याच्या पावसात वाळतील असे लंगोट घरी कसे शिवावेत

भाचीला मुलगी झाली ती ऐन जुलैत. बाळंतपणाला ती माझ्याकडेच होती, कोथरूडला. मी हौसेने लंगोटात ठेवायच्या फ्लॅनेलच्या सहा-सहा पदरांच्या गाद्या शिवून ठेवल्या होत्या, वर गोधडीसारखे धावदोरेही घातले होते. बघणारा प्रत्येक जण ‘अगं, किती सुंदर!’ म्हणायचा. पहिल्या रविवारी धुतलेल्या गाद्या मंगळवारी हातात घेतल्या तर वरून कोरड्या आणि पोटात ओल्या. नाकाशी धरल्यावर कुबट वास. बाळ यायच्या आधी काही शिवू नये म्हणतात. ते मी मानलं नव्हतं, त्यामुळे दोन दिवस टोमणे ऐकले. खरा दोष मुहूर्ताचा नव्हता, शिवलेल्या पदरांचा होता. सगळं उसवलं आणि पुन्हा सुरुवात केली.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून शिवते. कापड बाळाच्या अंगावर जाड हवं आणि दोरीवर एकपदरी. म्हणजे पदर शिवून जोडायचे नाहीत, फक्त घडीने आणायचे. खालची मापं त्या हिशेबाने आहेत.

कापड

लंगोटाला मऊ सुती मलमल. रविवार पेठेत कापडगंजाच्या बाजूला ठाणंच उलगडून दाखवतात. पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, 44 इंची घ्या. 24 लंगोटांना 7 मीटर पुरतं. रंगीत छापाचा मोह टाळा. पांढऱ्या किंवा अगदी फिकट कापडावर बाळाच्या शीचा आणि लघवीचा रंग नीट कळतो, आणि पहिल्या आठवड्यांत डॉक्टर तेच विचारतात.

घरी जुनी सुती साडी किंवा धोतर असेल तर उत्तमच. शेकडो वेळा धुतलेलं कापड नव्यापेक्षा मऊही असतं आणि पाणीही जास्त पितं. फक्त ते उजेडाकडे धरून बघा, विरलेला भाग बाजूला ठेवा.

नव्या कापडाला खळ असते आणि ते आटतं. मीटरभर कापडात दीड-दोन इंच सहज जातात. म्हणून कापण्याआधी रात्रभर भिजवा, गरम पाण्यात साबणाने धुवा, वाळवा आणि हे दोन-तीनदा करा. मग कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर खळ अजून आहे, लगेच मुरला तर कात्री घ्या.

लंगोट

21 इंचांचा चौकोन कापा. पन्न्यात असे दोन बसतात आणि कापडाची किनार दोघांनाही एकेका बाजूला मिळते. ती किनार उसवत नाही, त्यामुळे तिथे दुमडायची गरज नाही. उरलेल्या तीन बाजू पाव इंच आत, पुन्हा पाव इंच आत अशा दुमडून मशीन मारा. सुई 11 नंबरची घ्या. जाड सुईने मलमलीला भोकं पडतात. तयार लंगोट साधारण 20 इंची चौकोन होतो.

आता नाड्या. त्याच कापडाच्या दीड इंच रुंद आणि 9 इंच लांब पट्ट्या कापा, कडा आत घेऊन चौपदरी दुमडा आणि शिवा. सॅटिनची फीत लावू नका. ती सुटते तरी किंवा गाठ आवळून काचते तरी. नाड्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना लावायच्या. कोपऱ्याच्या दुमडीत नाडीचं टोक अर्धा इंच आत सारा, वरून छोटा चौकोन शिवा आणि त्यात फुली मारा. रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत नाडी ओढली जाते तेव्हा ही फुलीच टिकते.

शिवून झालं की लंगोट उलटसुलट करून एकेक सुटा दोरा कापा. हे काम मी चष्मा लावून करते. तान्ह्याच्या पायाच्या बोटाला दोरा किंवा लांब केस गुंडाळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो, आणि बाळ का रडतंय ते कुणाच्या लक्षात येत नाही. कारण कळत नसलेलं रडणं असेल तर आधी बोटं बघावीत.

घालायचा कसा

नाड्यांच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर घडी घाला, त्रिकोण होईल. घडीची बाजू बाळाच्या कमरेखाली, टोक पायांकडे. टोक दोन्ही पायांमधून पोटावर आणा, बाजूचे कोपरे त्यावर घ्या आणि गाठ थोडी बाजूला मारा. नाळ गळून पडेपर्यंत वरची कड बेंबीच्या खाली दुमडलेली राहू द्या, तिथे ओल नको. गाठीखाली दोन बोटं सैल जायला हवीत. बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले राहिले तर ते चांगलंच आहे. पाय सरळ करून घट्ट बांधायची जुनी पद्धत खुब्यांना बरी नाही.

त्रिघडी

एकट्या मलमलीने रात्र निघत नाही. तिला आत जोड हवी. घरातले जुने, निव्वळ सुती टी-शर्ट घ्या. छापील चित्राचा भाग सोडून 12 इंचांचे चौकोन कापा. होजिअरीचं कापड उसवत नाही, म्हणून कडा शिवायचीसुद्धा गरज नाही. त्या गुंडाळतात म्हणून कुणी ओव्हरलॉक करून घेतात, ती हौस. चौकोन तीन घड्यांत दुमडला की 4 बाय 12 इंचांची पट्टी होते, ती लंगोटाच्या मधोमध ठेवा. दिवसा एक, रात्री दोन. धुताना उलगडला की पुन्हा एकपदरी. माझ्या उसवलेल्या फ्लॅनेलच्या गाद्यांच्याही शेवटी त्रिघड्याच झाल्या.

संख्येचं म्हणाल तर तान्हं बाळ दिवसाला 10-12 वेळा सहज ओलं करतं. 24 लंगोट आणि 20 त्रिघड्या उन्हाळ्यात पुरतात. जून ते सप्टेंबर असेल तर आणखी डझनभर शिवा.

बाहेर जाताना

बारशाला, डोसाला, रिक्षातून जायला वरून वॉटरप्रूफ आवरण लागतं. पीयूएल नावाचं, आतून पातळ थर दिलेलं पॉलिस्टर त्यासाठी मिळतं. अशी तीन-चार आवरणं पुरे. बाळाला नीट बसणारा एखादा विकतचा डायपर घ्या, त्याची इलास्टिकं कापून तो सपाट करा, वर्तमानपत्रावर आखा आणि चहूबाजूंनी अर्धा इंच वाढवा. मापाची डोकेफोड वाचते. मांडीच्या वळणाला पाव इंची इलास्टिक मधल्या 9-10 इंचांत ताणून लावा, न ताणता ते 6 इंच भरेल. या कापडात टाचण्या टोचू नका, प्रत्येक भोकातून गळतं. कपड्यांचे चिमटे लावा. वेल्क्रो लावलात तर धुताना मिटून ठेवा, नाहीतर मलमलीचा पार चोथा करतो. आवरण उकळू नका आणि इस्त्रीही करू नका.

धुणं आणि वाळवणं

शी आधी गार पाण्यात काढायची, गरम पाण्याने डाग पक्का होतो. साबण मोजका घ्या. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर साबण कापडात बसून राहतो, तेव्हा खळबळणं एकदा जास्त. सुगंधी सॉफ्टनर नकोच, त्याने कापड पाणी प्यायचं थांबतं.

आपल्याकडे ते थांबायचं दुसरं कारण म्हणजे मालिशवाल्या बाई. तेलाने माखलेलं बाळ लगेच लंगोटात गेलं की तेल कापडात उतरतं, आणि आठवड्याभरात लंगोट ‘गळायला’ लागतो. मालिश ते अंघोळ एवढा वेळ एखादं फाटकं फडकं वापरा. तेल बसलंच असेल तर लंगोट चमचाभर धुण्याच्या सोड्यात दहा मिनिटं उकळा आणि तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा.

ऊन असेल त्या दिवशी गच्चीवर घाला. पावसात मात्र पंख्याखाली दोरी बांधा, दोन लंगोटांत वीतभर अंतर ठेवा आणि दमटपणा राहिलाच तर उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. एकपदरी मलमल दोन-तीन तासांत पंख्याखाली सुकते. होजिअरीला संध्याकाळ होते, म्हणून त्रिघड्या सकाळी सगळ्यांत आधी धुवायच्या.

साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ पालथं पडू लागतं आणि 20 इंची लंगोटाची गाठ सुटायला लागते. मग 24 इंचांचे चौकोन शिवा. तेव्हा पन्न्यात दोन बसत नाहीत. उरलेल्या पट्टीतून नाड्या आणि लाळेरी काढा.