बागेतल्या बंबलबींमध्ये कोण कुठलं काम करतंय ते कसं ओळखायचं

आधीच सांगून टाकते, हे सगळं इंग्लंडमधल्या बागेतलं आहे. महाराष्ट्रात बंबलबी (मधमाशीच्या नात्यातली गुबगुबीत केसाळ माशी) नसतात, तिकडे फुलांवर घूं घूं करत येणारा तो काळा ढब्बू भुंगा वेगळा, तो लाकडात भोक पाडून राहतो आणि त्याची अशी राणी-कामकऱ्यांची वसाहत नसते. भारतात खऱ्या बंबलबी बघायच्या तर हिमालयाकडे जायला लागतं. इथे मात्र वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत लॅव्हेंडर नाहीतर कॉम्फ्रीच्या झुडपापाशी खुर्ची टाकून बसलात की झालं, सोबत स्लो मोशनवाला मोबाइल असला तर उत्तम.

सुरुवात लवकर करा, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा जी अंगठ्याएवढी धूड माशी दिसते ती राणी. बफ टेल्ड जातीची राणी सगळ्यात आधी दिसणाऱ्यांपैकी, तिच्या शेपटाकडचा भाग मळकट पिवळसर असतो आणि तिच्या कामकरी मुलींचा जवळजवळ पांढरा. ती जमिनीलगत नागमोडी उडत गवतात, कुंपणाखाली डोकं घालत असेल तर घर शोधतेय, उंदराचं जुनं बीळ मिळालं की खूश. आणि मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन जाताना दिसली तर समजायचं की घर मिळालंय. या काळात सगळी कामं तिची एकटीची, पराग आणायचा, मेणाचं छोटं भांडं करून त्यात मकरंद साठवायचा, अंड्यांवर बसून ऊब द्यायची. पहिल्या मुली बाहेर पडल्या की राणीचं बाहेर येणं बंद होत जातं, म्हणून मेनंतर मोठ्या राण्या एकदम कमी दिसतात, त्या मेल्या असं समजू नका.

आता मुख्य गोष्ट, साइज बघायला शिका. मधमाश्यांमध्ये साधारण वयावर काम ठरतं, तरुणपणी पोळ्यात आणि म्हातारपणी बाहेर. बंबलबीमध्ये वयापेक्षा अंगापिंडावर जास्त ठरतं. एकाच राणीच्या मुली पण एखादी दुसरीच्या दहापट वजनाची असू शकते! घरट्याच्या मधोमध वाढणाऱ्या अळ्यांना जास्त खाऊ मिळतो आणि कडेच्या उपाशीपोटी राहतात, तिथूनच हा फरक सुरू होतो. मोठ्या मुली बाहेर जातात, छोट्या घरात राहून अळ्यांना भरवतात, म्हणजे फुलावर तुम्हाला दिसतात त्या बहुतेक थोराड बहिणी, घरातल्या बारक्या तुम्ही कधी बघतच नाही. मोठीला बाहेर पाठवण्यात अर्थ आहे, ती थंडीत तग धरते, डोळे मोठे म्हणून नजर चांगली, आणि तेवढ्याच वेळात मकरंद जास्त आणते. बारकी मात्र उपासमारीत जास्त टिकते. हे नियम काही दगडावरची रेघ नाहीत हं, बाहेरच्या कमी पडल्या तर आतल्याही निघतात.

मग पाय बघा. मागच्या पायावर चपटी चकचकीत जागा असते, कडेने लांब केस, तीच परागाची टोपली. तिथे केशरी-पिवळा गोळा दिसला तर ती परागवाली. गोळा नाही आणि फुलात तोंड खुपसून पटापट पुढे सरकतेय तर बहुतेक मकरंदवाली, पण एकच माशी दोन्ही आणू शकते, काम बदलतेही, त्यामुळे एका खेपेवरून ठाम शिक्का मारू नका. पायावर टोपलीच नाही, आरामात फुलावर लोळतोय, संध्याकाळ झाली तरी घरी जात नाही, तर तो नर, उन्हाळा सरताना दिसायला लागतात. घरात काडीचं काम करत नाही आणि डंखही नसतो. टोपली नसलेल्या कक्कू बंबलबी पण असतात, त्या दुसऱ्याच्या घरट्यात घुसून अंडी घालतात, सांभाळायला तिथल्या कामकरी आहेतच.

टोमॅटो लावला असेल तर कान द्या. परागवाली फूल धरून लटकते, पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवते, आवाज एकदम तीव्र होतो आणि पराग झडतो. मधमाशीला हे जमत नाही, म्हणून तर १९८० च्या दशकाच्या शेवटी युरोपात ग्रीनहाऊससाठी बंबलबीची पेटी विकायला सुरुवात झाली.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे एकाच फुलाकडे बघत बसणं. बी जवळ येते, क्षणभर घुटमळते आणि न बसताच निघून जाते, का? आधी कुणीतरी बसून गेलं की पायाचा वास मागे राहतो, त्यावरून हिला कळतं की इथला मकरंद नुकताच संपलाय. थोड्या वेळाने तेच फूल परत चालतं. कॉम्फ्री किंवा घेवड्याच्या फुलाच्या बुडाशी बारीक भोक दिसलं तर ती चोरी, आखूड जिभेच्या बंबलबी बाहेरून भोक पाडून मकरंद पितात आणि मग मागून येणाऱ्या इतर माश्याही तेच भोक वापरतात.

घरटं सापडलं तर दारापासून थोडं लांब, एका बाजूला बसा, येण्याजाण्याची वाट अडवू नका. बाहेर पडणारी दाराकडे तोंड करून मोठ्या मोठ्या गिरक्या घेत असेल तर ती नवखी, वाट पाठ करतेय. सरळ सुसाट जाते ती मुरलेली. घरात मधमाशीसारखा नाच नसतो, चांगला माल आणलेली आत धावपळ करते, तिच्या अंगातून वास सुटतो आणि बाकीच्या बाहेर पडतात, कुठे जायचं ते मात्र ज्याचं त्याने शोधायचं, फार तर आणलेल्या मालाच्या वासावरून फूल कुठलं ते कळतं.

शेडखाली घरटं असेल तर पेस्ट कंट्रोलला फोन करू नका, मध साठवून ठेवण्याइतका नसतोच, शरदात सगळी वसाहत संपते, फक्त नव्या राण्या जमिनीत जाऊन झोपतात.