शर्ट शिवायला त्यांना कुणी शिकवलं?

एखादा देश अचानक एखादी वस्तू जगाला विकू लागला, की त्याचं कारण मी पूर्वी मजुरीच्या दरात शोधायचे. पण स्वस्त मजुरी कितीतरी देशांत असते. मग हाच देश का? आता मी आधी विचारते: तिथे हे काम कोण शिकून आलं?

वस्तू नेमकी धरा. ‘कपडे’ म्हणालात तर हरवाल. पुरुषांचे आणि मुलग्यांचे सुती शर्ट, निटिंगचे वगळून: एचएस कोड (व्यापारातल्या वस्तूंना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) ६२०५२०. हे सहा अंक जगभर सारखेच. कॉमट्रेडवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आयात-निर्यातीच्या आकड्यांच्या साठ्यात, त्याचे वर्षवार आकडे काढा आणि आलेख मांडा. विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्या देशाचे आकडे मी आधी पाहते. शुल्क वसूल करायचं असतं, म्हणून तिथलं कस्टम्स बारकाईने नोंदतं. एचएस लागू झालं १९८८ साली. त्याआधीच्या वर्षांसाठी एसआयटीसी हे वस्तूंचं जुनं वर्गीकरण घ्या. (हे न कळल्यामुळे माझे बरेच दिवस फुकट गेले.)

आलेख उसळलेला दिसला की त्यामागची काही वर्षं खणा. बांगलादेशाचे शर्ट घ्या. १९७९ साली तिथल्या ‘देश गारमेंट्स’ या कंपनीने सुमारे १३० जण दक्षिण कोरियात देवू कंपनीकडे शिकायला पाठवले. देवूने का शिकवावं? कोरियाच्या कपड्यांना घेणाऱ्या देशांच्या कोट्याने (आयातीवरच्या मर्यादेने) जखडलं होतं, बांगलादेशाच्या नव्हतं. परतलेल्यांपैकी ११५ जणांनी पुढे ती कंपनी सोडली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याच्या कारखान्यात गेलं. मालकाला झोंबलंच असणार! पण शिलाईची लाइन कशी लावायची, बॅक-टू-बॅक एलसीवर (परदेशी ग्राहकाच्या बँक-हमीच्या आधारे काढलेल्या दुसऱ्या हमीवर) कापड कसं मागवायचं, हे असंच कारखान्यामागून कारखान्यात पोचलं. मशीन काय, विकत मिळतं.

ज्ञान माणसांऐवजी कागदावरून गेलं असेल तर तंत्रज्ञान वापरायचे परवाने तपासा. ट्रान्झिस्टर अमेरिकेत १९४७ साली जन्मला. परवाना घेऊन टोकियोच्या एका कंपनीने, म्हणजे आजच्या सोनीने, १९५५ साली ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला काढला. रेडिओ कॉमट्रेडमध्ये दिसतील, परवान्यापोटी दिलेली रॉयल्टी दिसणार नाही. ती व्यवहारतोलातल्या (देशाच्या परदेशाशी झालेल्या देण्याघेण्याच्या हिशेबातल्या) सेवांच्या रकान्यात असते.

आलेख कोसळला असेल तर दुसऱ्या देशातली प्रयोगशाळा शोधा. चिलीच्या खाणीतल्या नायट्रेटच्या खतावर जगभरची बरीच शेती पोसली जायची. १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊला हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया, म्हणजे कृत्रिम खताचा कच्चा माल, बनवणारा कारखाना सुरू झाला. पण घसरण त्याच वर्षी शोधू नका: महायुद्धात दारूगोळ्यासाठी नायट्रेट खपतच होतं, ती त्यानंतर सापडेल.