ड्रिल न लावता दुधाच्या दातांची कीड कशी थांबवायची

मुलाला खिडकीजवळ उजेडात मांडीवर आडवं घ्या आणि वरचा ओठ अंगठ्यानं उचला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते. खड्डा अजून नाही, म्हणजे असा दात ब्रश आणि फ्लोराइडवरच सावरू शकतो. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी किडतात; खालचे जिभेआड आणि लाळेत राहतात म्हणून वाचतात.

नळीवर १००० पीपीएम फ्लोराइड छापलेली पेस्ट घ्या. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचा ब्रश कधीच चुकवू नका. नंतर नुसतं थुंकायला लावा; चूळ भरली की फ्लोराइडही धुऊन जातं. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवावा. घरात मिश्री असेल तर ती मुलाच्या दातांना लावू नका. ती तंबाखूच आहे.

खड्डा पडलाय पण दात दुखत नाही, ही वेळ सगळ्यात मोलाची. आपल्याकडे नेमकी हीच वाया जाते, कारण ‘दुधाचाच दात, पडेल आपोआप’. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात! दातांच्या डॉक्टरांना ‘सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड (कीड थांबवणारं, चांदी असलेलं औषध) लावता का?’ असं विचारा. ते अडकलेलं अन्न काढतात, ओठांना व्हॅसलीन लावतात, कापसानं दात कोरडा करतात आणि ३८ टक्के द्रव बारीक ब्रशनं साधारण मिनिटभर लावतात. सुई नाही, ड्रिल नाही. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधीच समजून घ्या. दोन ते चार आठवड्यांनी तो काळा आणि कडक लागला तर कीड थांबली. मऊच लागला तर पुन्हा लावावं लागतं. एरवीही सहा महिन्यांनी परत लावतात. दात ओला राहिला किंवा खड्ड्यात रोज अन्न साचत राहिलं, तर औषध हरतं. चांदीची ॲलर्जी असेल किंवा तोंड आलेलं असेल तर आधी सांगा. कातडीवरचा डाग एक-दोन आठवड्यांत जातो, कपड्यावरचा जात नाही.

खड्डा मोठा असेल तर हातातल्या हत्यारानं मऊ कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट (दाताला चिकटणारा भराव) भरता येतं. नसेजवळची थोडी कीड मुद्दाम ठेवतात. वरून घट्ट बंद झालं की आतल्या जंतूंना साखर मिळत नाही आणि कीड थांबते. पण दोन दाढांच्या मधल्या खड्ड्यात हे सिमेंट बऱ्याचदा निसटतं. तिथं दाढ न कोरता स्टीलची टोपी बसवणं जास्त भरवशाचं. गरज पडल्यास आधी तीन ते पाच दिवस दाढांमध्ये छोट्या रबरी रिंगा ठेवून फट करतात, मग टोपी सिमेंटनं बसवतात. सुरुवातीला चावा उंच लागतो, काही आठवड्यांत जुळतो. पहिल्या दिवशी कडक भाकरी आमटीत कुस्करूनच द्या.

रात्री ठणका लागून मूल उठतं, हिरडीवर पुळी आली आहे, गाल सुजला आहे: अशा दाताला वरच्यातलं काहीच पुरत नाही. तिथं नसेचा उपचार किंवा दात काढणं लागतं. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका. हिरडी भाजते, आणि मुलांना ॲस्पिरिन तसंही देऊ नये.

गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त नडतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतली मिठाई जेवणाबरोबर एकदाच संपवू द्या. खिशात ठेवून दिवसभर चघळत राहिलं की दातांवर आम्ल सुटतच राहतं.

सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, काहीही न पडता, एक दाढ उगवते. ती कायमची आहे. तिच्या खोल खाचा सीलंटनं, म्हणजे पातळ लेपानं, बंद करता येतील का, हे ती पूर्ण वर आली की लगेच विचारा.