सोसायटीतली ‘प्राणी पाळू नयेत’ ही अट बदलायचीय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्याच दिवशी होते. अट नेमकी कुठे लिहिली आहे हे न बघताच सह्या गोळा करायला सुरुवात होते. लिफ्टशेजारचा बोर्ड हा काही नियम नाही. सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन उपविधींची (सोसायटीच्या नोंदणीकृत नियमांची) प्रत आणि बंदीच्या ठरावाची मिनिट्स मागा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बंदी नुसत्या कमिटीच्या नोटिशीत असेल, तर ती कमिटीच मागे घेऊ शकते. आमसभेचा ठराव आमसभेतच बदलावा लागतो. उपविधीतली अट मात्र साध्या ठरावाने निघत नाही.

बोलताना नागपुरात सगळ्यांनाच ‘सोसायटी’ म्हणतात, कागदावर मात्र फरक असतो. इमारत १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असेल, तर उपविधी घोषणापत्राला (इमारत या कायद्याखाली आणताना नोंदवलेल्या दस्ताला) जोडलेले असतात. घोषणापत्राची दुरुस्ती नोंदवल्याशिवाय बदल ग्राह्य नाही. किती मते लागतात तेही घोषणापत्रातच पाहा. १९६० च्या सहकार कायद्याखालच्या संस्थेत दुरुस्तीसाठी १४ पूर्ण दिवसांची नोटीस लागते. त्यात नोटिशीचा आणि सभेचा दिवस धरायचा नाही: सभा २० तारखेला, तर नोटीस ५ पर्यंत हातात पडायला हवी. ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून आणलेली दुरुस्ती टिकत नाही. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत. मग दोन महिन्यांत सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे प्रस्ताव द्यायचा. नोंदणी होईपर्यंत जुनीच अट लागू.

भाडेकरूला मत नसते. ठराव मांडणारा सूचक आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक सभासदच हवेत.

बहुमतानेही सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ते पत्रक सभेत फडकावू नका, अर्जाला जोडा. कारण चावण्याची भीती, जिन्यातली घाण हे शेजाऱ्यांचे प्रश्न खरे आहेत, आणि नुसत्या ‘बंदी उठवा’ने ते सुटत नाहीत. पर्यायी नियम लिहूनच न्या: लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरणे, दरवर्षी रेबीज लसीचा दाखला, महापालिकेचा परवाना, घाण मालकाने लगेच उचलणे.

‘कुत्रा दुपारीच फिरवा’ ही तडजोड मात्र स्वीकारू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. डांबरावर आणि फरशीवर पंजे भाजतात. पहाटेची आणि रात्रीची वेळ मागा.

रागाने मेंटेनन्स अडवू नका, थकबाकीदार ठराल. आणि मिनिट्समध्ये ‘चर्चा झाली’ एवढ्यावर भागवू देऊ नका: ठरावाचे शब्द, बाजूची आणि विरोधातली मते आकड्यांत लिहून घ्या.