टेपर रोलर थ्रस्ट बेअरिंग पुन्हा पुन्हा जातंय? या चुका टाळा

बेअरिंग गेलं की पहिला आळ मालावर येतो. ‘डुप्लिकेट निघालं वाटतं’ म्हणायचं, जुनं भंगारात टाकायचं, त्याच जागी नवं बसवायचं. चार-सहा महिन्यांनी तेच नाटक पुन्हा. मी उघडून पाहिलेल्या टेपर रोलर थ्रस्ट बेअरिंगांत मूळ दोष बहुतेक वेळा बेअरिंगच्या बाहेर निघाला: बैठकीत, तेलाच्या वाटेत, नाहीतर निवड करतानाच्या गैरसमजात. बेअरिंग फक्त तो दोष अंगावर लिहून ठेवतं. त्यामुळे भंगारात टाकण्याआधी ते वाचायला शिकणं, ही खरी बचत.

सर्वात जुना गैरसमज नावातूनच येतो. टेपर रोलर म्हटलं की डोळ्यांसमोर चाकाचं बेअरिंग उभं राहतं. हेन्री टिमकेन आणि रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांनी १८९८ मध्ये पेटंट घेतलं ते याच कुळातलं, गाड्यांच्या आसासाठी. गाडी वळताना चाकावर बाजूनेही जोर येतो, म्हणून ते बेअरिंग वजन आणि बाजूचा रेटा दोन्ही पेलतं. थ्रस्ट जातीचं तसं नाही. यात रोलर शाफ्टभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे जवळजवळ आडवे पसरलेले असतात आणि त्यांचं काम एकच, शाफ्टच्या दिशेने येणारा रेटा घेणं. ‘टेपर आहे, थोडा आडवा भार चालून जाईल’ असं धरून आडव्या, म्हणजे शाफ्टला काटकोनात येणाऱ्या, भारासाठी वेगळं बेअरिंगच न देणं ही डिझाइनमधली चूक. दुसरी चूक देखभालीतली: शेजारचं आडवा भार घेणारं बेअरिंग झिजलंय, शाफ्ट बाजूला हलतोय, आणि आपण मात्र दरवेळी थ्रस्टच बदलतोय. थ्रस्ट काढलंच आहे तर शाफ्टला डायल गेज लावून तो बाजूला किती हलतो तेही बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

मग टेपर कशासाठी? गोल फिरणाऱ्या रांगेत बाहेरच्याला पळावं लागतं, आतला जागच्या जागी पावलं टाकतो. सरळ दंडगोल रोलर चकतीवर फिरताना त्याच्या दोन टोकांची अशीच ओढाताण होते आणि तो थोडा घसरतोच. रोलर निमुळता करून त्याची रेषा शाफ्टच्या अक्षावर एका बिंदूत मिळवली की दोन्ही टोकं आपापल्या वेगाने गुंडाळत जातात, घसरण जवळजवळ संपते. मात्र निमुळती वस्तू दाबली की ती जाड टोकाच्या बाजूला निसटू पाहते. तिला अडवायला रेसच्या, म्हणजे रोलर जिच्यावर फिरतात त्या कडीच्या, बाहेरच्या कडेला कठडा असतो, आणि रोलरचं जाड टोक त्या कठड्यावर सतत घासत असतं. म्हणजे सगळं गुंडाळत चाललेल्या बेअरिंगमध्ये घसरणारी मुख्य जागा हीच. तेलाची भूक सर्वात जास्त तिथेच.

आता तेलाची चूक, जी मी स्वतः केली आहे. एका एक्सट्रूडरच्या (प्लास्टिक वितळवून स्क्रूने पुढे रेटणाऱ्या यंत्राच्या) गिअरबॉक्सला बाहेरून तेलाची नवी नळी टाकायची होती. सोयीची जागा बघून मी ती बेअरिंगच्या बाहेरच्या घेराजवळ सोडली. दाबमापक छान, तेल वाहताना दिसतंय, तरी तापमान चढतच गेलं. उघडलं तेव्हा रोलरच्या जाड टोकांवर गोल ओरखडे आणि निळसर झाक. टेपर रोलर फिरताना स्वतःच पंपासारखं काम करतात. तेल बारीक टोकाकडून जाड टोकाकडे, म्हणजे आतून बाहेर, फेकलं जातं. मी बाहेर सोडलेलं तेल बाहेरच्या बाहेर उडत होतं आणि कठडा कोरडाच. तेल नेहमी मध्यातून, शाफ्टच्या बाजूने आत सोडायचं आणि बाहेरच्या घेरावरून त्याला मोकळी वाट द्यायची. ही बाहेर पडायची वाट अरुंद ठेवली तर तेल आतच घुसळत राहतं आणि त्यानेही ताप वाढतो.

ओरखड्यांपेक्षा त्या निळ्या रंगाची भीती जास्त वाटायला हवी. पोलादावर निळी झाक यायला ढोबळमानाने ३०० अंश सेल्सिअस लागतात, पिवळसर झाक २०० च्या पुढे येते. नेहमीच्या बेअरिंग पोलादाचा कडकपणा त्याआधीच उतरायला लागलेला असतो. असं बेअरिंग पुसून, तेल घालून परत बसवायचं नसतं. बैठकीत सरकत नाही म्हणून रेस गॅसच्या ज्योतीने तापवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. इंडक्शन हीटर वापरा, १२० अंशांच्या आत राहा, आणि नंतर चुंबकत्व काढा. नाहीतर लोखंडाचा बारीक कीस रेसला चिकटून बसतो आणि पुढे रोलरखाली जातो.

आता बैठक. थ्रस्ट बेअरिंगची रेस म्हणजे पातळ कडी, स्वतःच्या जोरावर ती भार पेलत नाही. तिच्या पाठीमागे सपाट, भक्कम आणि पूर्ण टेका असेल तरच सगळे रोलर भार वाटून घेतात. रेस जिच्यावर टेकते त्या पायरीचा, म्हणजे खांद्याचा, व्यास लहान ठेवला तर रेस बशीसारखी वाकते आणि रोलरच्या एकाच टोकावर जोर येतो. खांद्याच्या कोपऱ्यातली गोलाई रेसच्या चॅमफरपेक्षा (तासलेल्या कडेपेक्षा) मोठी असेल तर रेस कोपऱ्यावरच अडकते. ठोकून ती ‘बसली’ असं वाटतं, पण मागे फट राहिलेली असते. बसवल्यावर ०.०५ मिलिमीटरचं फिलर पान (फट मोजायची पातळ पट्टी) घेऊन रेसच्या मागे पूर्ण घेरात फिरवा. ते कुठेही आत शिरता कामा नये. बैठकीला एक बारीक कीस चिकटलेला असला, रंगाचा थेंब वाळलेला असला तरी पुरे. माणसाच्या केसाइतक्या उंचवट्यानेही वरचे दोन-तीन रोलर बाकीच्यांच्या वाटचा भार ओढून घेतात. बैठक हाताने चाचपून बघा. डोळ्याला न दिसणारी खडबड बोटाला कळते.

उघडल्यावर पुसायची घाई करू नका. आधी दोन्ही रेसवरचा चकाकता पट्टा बघा. निरोगी बेअरिंगमध्ये तो पूर्ण घेरात एकसारख्या रुंदीचा असतो. स्थिर रेसवर एकाच बाजूला पट्टा जड असेल तर हाऊसिंगची (बेअरिंग धरणाऱ्या बाहेरच्या कवचाची) बैठक तिरकी आहे किंवा भारच तिरका येतोय. फिरत्या रेसवर एकच बाजू जड आणि स्थिर रेसवर पट्टा सगळीकडे सारखा असेल, तर शाफ्टचा खांदा काटकोनात नाही. तिरका खांदा आपली जड बाजू बरोबर घेऊन फिरतो, म्हणून खूण त्याच्याच रेसवर उमटते. एवढा एक फरक ओळखता आला तर काय मशीनिंगला पाठवायचं, शाफ्ट की हाऊसिंग, हा वाद तिथेच मिटतो. अर्थात त्यासाठी कुठली रेस कुठे होती याची खूण उघडण्याआधीच मार्करने केलेली असली पाहिजे, आणि ती करायला सगळे विसरतात.

रोलरच्या अंतराएवढ्या ठरावीक अंतराने खड्डे दिसले तर भिंगातून तळ पाहा. खड्ड्यात ग्राइंडिंगच्या मूळ रेघा शाबूत असतील तर जोराचा धक्का किंवा थांबलेल्या स्थितीत पडलेला अतिभार. रेघा पुसल्या गेल्या असतील आणि लालसर-तपकिरी भुकटी असेल तर यंत्र बंद असताना बसलेल्या कंपनांचा तो परिणाम. शेजारचं यंत्र चालू आणि हे महिनोन् महिने उभं, किंवा शाफ्ट न बांधता ट्रकवरून लांबचा प्रवास, अशी कारणं सापडतात. धुण्याच्या फळीसारख्या जवळजवळ समान रेघा दिसल्या तर वीज बेअरिंगमधून गेली आहे. वेल्डिंगच्या अर्थिंगची तार यंत्राच्या दुसऱ्या टोकाला लावली होती का, ते विचारा. सहसा कोणी कबूल करत नाही.

प्रकारांची गल्लत ही वेगळीच गोष्ट. दोन्ही रेस उतरत्या असलेलं बेअरिंग रोलरला आणि रेसला एका केंद्रावर ओढतं, पण शाफ्ट आणि हाऊसिंगचं केंद्र आधीच जुळलेलं नसेल तर त्याला ते सहन होत नाही. एक रेस सपाट असलेल्या प्रकारात ती रेस बाजूला थोडी सरकू शकते, म्हणून थोडंसं केंद्रांतर चालून जातं. बाहेरची मापं जुळली म्हणून एकाच्या जागी दुसरं बसवायचं नाही. रोलिंग मिलच्या स्क्रूडाऊनसाठी (रोल खाली दाबणाऱ्या स्क्रूसाठी) वरच्या बाजूला घुमटाकार बैठक असलेले प्रकार येतात, स्क्रूचा थोडा कल सांभाळून घेणारे. तिथे घुमटाच्या पृष्ठभागाला कोणी ग्रीस लावत नाही. तो जाम झाला की स्वतःहून जुळवून घेणारं बेअरिंग साधंच होऊन बसतं.

केज (रोलर वेगवेगळे धरणारा पिंजरा) नसलेल्या प्रकारात जास्त रोलर मावतात, म्हणून हळू फिरणाऱ्या आणि जड कामाला ते उत्तम. वेग वाढला की शेजारचे रोलर एकमेकांवर घासतात, तेव्हा ‘जास्त रोलर म्हणजे जास्त चांगलं’ हा हिशेब तिथे लागू होत नाही. जड ट्रकच्या किंगपिनवर (पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या खुंटीवर) पत्र्याच्या कवचात बंद केलेलं असंच बेअरिंग असतं. बहुतेक रचनांत कवचाची बंद बाजू वर ठेवतात, म्हणजे पाणी आणि चिखल आत साचत नाही. उलटं बसवलं तर ते वाटीसारखं भरतं. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, तेवढं बघा.

क्रेनच्या हुकखालचं बेअरिंग जवळजवळ फिरतच नाही, तेव्हा ते फिरण्याच्या आयुष्यावरून निवडण्यात अर्थ नाही. तिथे स्थिर भारक्षमता बघायची. ही बेअरिंग थकून मरत नाहीत, गंजून आणि खड्डे पडून मरतात. इथे गच्च ग्रीस भरलेलं चालतं, भरावंच. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये मात्र मोकळ्या जागेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच ग्रीस ठेवा. आणि लिथियम ग्रीसवर पॉलियुरिया ग्रीस चढवू नका. अनेकदा दोन्ही मिळून पातळ होतात आणि वाहून जातात.

भाराचा अंदाज चुकणं हेही मोठं कारण. एक्सट्रूडरचंच बघा. स्क्रूचा व्यास १०० मिलिमीटर आणि पुढचा दाब ३०० बार असेल तर मागे येणारा रेटा सुमारे २३५ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास २४ टन. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या १०/३ घाताने घटतं. स्क्रूपुढची गाळणीची जाळी चोंदून दाब २५ टक्के वाढला तर आयुष्य निम्म्याखाली येतं, भार दुप्पट झाला तर दहाव्या हिश्श्यावर. जाळी वेळेवर बदलली नाही त्याचं बिल बेअरिंगच्या खात्यात पडतं. उलट भार फार कमी असला तरी त्रास होतो. जोडीतलं बिनभाराचं बेअरिंग वेगात असेल तर त्याचे रोलर गुंडाळण्याऐवजी घसरतात आणि पृष्ठभाग ओढल्यासारखा खराब होतो. अशा बाजूला स्प्रिंगने थोडा दाब कायम ठेवतात.

शेवटचा हिशेब तापमानाचा. पोलाद दर मीटरमागे, दर अंशामागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. शाफ्टच्या दोन टोकांना एकमेकांविरुद्ध दोन थ्रस्ट बेअरिंग ठेवली, अंतर एक मीटर, आणि चालताना शाफ्ट हाऊसिंगपेक्षा ४० अंश जास्त गरम झाला, तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढ. शाफ्टचे खांदे बाहेरच्या दिशेने रेटत असतील तर थंडपणी ठेवलेली ०.२ ची फट तासाभरात गायब होते आणि दोन्ही बेअरिंग एकमेकांना चेपायला लागतात. जोडी एकाच टोकाला जवळजवळ ठेवणं आणि दुसऱ्या टोकाला शाफ्टला मोकळं सरकू देणं हा जुना उपाय अजूनही चांगला. ते शक्य नसेल तर शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) लावताना थंड फट गरम हिशेबावरून ठरवा. पहिल्या दिवशी यंत्र पूर्ण तापेपर्यंत शेजारी बसून दर दहा मिनिटांनी तापमान लिहा. ते चढून एका जागी स्थिरावतं की चढतच राहतं, एवढंच बघायचं असतं. चढतच राहिलं तर यंत्र बंद करून आधी शिम तपासा, तेल बदलत बसू नका.